तिरंग्याचा माणूस चार ओळींत संपवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्टला आपल्या पेपरात आतल्या पानावर पिंगली वेंकय्यांच्या जयंतीची चौकट आली होती. फोटो, जन्माचं साल, मृत्यूचं साल, राष्ट्रध्वजाचे शिल्पकार, विनम्र अभिवादन, झालं, चार ओळींत माणूस संपला. तक्रार एकट्या तुमच्याबद्दल नाही, दरवर्षी सगळीकडे असंच येतं आणि दुपारपर्यंत तीच चौकट कापून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागते, खाली सगळे हात जोडलेले इमोजी टाकतात. पण मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते, पाचवी ते आठवीचे वर्ग असतात माझ्याकडे, ऑगस्टमध्ये झेंडा काढायला घेतला की कोणीतरी विचारतंच, बाई हा पहिल्यांदा कोणी काढला? नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, त्यांना सुचला कसा? आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला चौकटीत उत्तरच नसतं. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबणार आहे, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

वेंकय्या १८७६ चे, मच्छलीपट्टणमजवळच्या भटलपेनुमर्रू गावचे. विशीच्या आसपास ब्रिटिश फौजेत भरती झाले आणि बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेला गेले, गांधीजींची ओळख तिथलीच. तिथे युनियन जॅकला सॅल्यूट करताना त्यांच्या मनात आलं की आपल्या देशाचा झेंडा का नाही, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. आलं असेलच. परक्याच्या झेंड्याखाली परमुलखात लढायला गेलेल्या तरुण मुलाला हे खुपणारच. पण चौकटी आणि भाषणं तिथेच थांबतात, जणू आफ्रिकेत विचार आला आणि डायरेक्ट लाल किल्ल्यावर तिरंगा फडकला. मधली वीस वर्षं कोणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर हा माणूस समजून घ्यायचा तर ती मधली वर्षंच बघायला पाहिजेत.

त्या वर्षांत ते काय काय करत होते बघा. जमिनीच्या पोटातल्या दगडांचा अभ्यास, त्यातही हिऱ्यांचा, म्हणून लोक त्यांना डायमंड वेंकय्या म्हणायचे. मुनगाल्याच्या जमीनदारीत राहून शेतीवर प्रयोग केले, कंबोडिया जातीच्या कापसावर काम केलं, म्हणून पत्ती वेंकय्या, तिकडे पत्ती म्हणजे कापूस. जपानी शिकले, नुसते शिकले नाहीत तर १९१३ मध्ये बापटल्याला अख्खं भाषण जपानीत ठोकलं, म्हणून जपान वेंकय्या. मच्छलीपट्टणमच्या नॅशनल कॉलेजात शिकवायचे. एका माणसाला लोकांनी झेंड्याशी काही संबंध नसलेली तीन तीन टोपणनावं ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण मुलांना सांगताना असं सांगतो की अमुक माणूस झेंडा करायलाच जन्माला आला होता. तसं काही नसतं. दगड बघणारा, कापूस लावणारा, परक्या भाषेतली अक्षरं घोटणारा माणूस होता, आणि एखादी गोष्ट हातात घेतली की तिच्या मुळाशी जायचं ही सवय त्याला होती. झेंड्याचा प्रश्न हातात घेतला तेव्हाही त्याने तेच केलं.

म्हणजे काय केलं, तर आधी इतर देशांचे झेंडे बसून अभ्यासले. कुठल्या देशाने कुठला रंग का घेतला, चिन्ह काय ठेवलं, हे सगळं. आणि १९१६ मध्ये एक पुस्तिका काढली, भारताला एक राष्ट्रीय झेंडा हवा अशी, त्यात देशोदेशीच्या झेंड्यांची माहिती आणि सोबत आपल्यासाठी तीसच्या आसपास नमुने. एक नाही, तीस! आमच्याकडे मुलं एक चित्र काढतात आणि बाई झालं म्हणून वही मिटतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते. तीस वेगवेगळे नमुने काढणं म्हणजे हाताला येईल ते काढत सुटणं नाही, प्रत्येक वेळी आधीच्यात काय कमी पडलं हे स्वतःला विचारावं लागतं. आणि हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कमिटी नव्हती, स्पर्धा नव्हती, मानधन तर सोडाच.

मग पुढची काही वर्षं हे गृहस्थ काँग्रेसच्या प्रत्येक अधिवेशनाला आपले नमुने घेऊन हजर. हे मी पदरचं सांगत नाहीये, गांधीजींनीच आपल्या यंग इंडिया साप्ताहिकाच्या १३ एप्रिल १९२१ च्या अंकात राष्ट्रध्वजावर लेख लिहिला त्यात आहे, की मच्छलीपट्टणमच्या नॅशनल कॉलेजचे वेंकय्या गेली चार वर्षं दर अधिवेशनात झेंड्याचा विषय चिकाटीने लावून धरतायत आणि त्या चिकाटीचं मला कौतुक वाटत आलंय. पण त्याच लेखात गांधीजी सरळ हेही म्हणतात की वेंकय्या माझ्यात काही उत्साह निर्माण करू शकले नाहीत, त्यांच्या नमुन्यांत देशाला आतून हलवेल असं काही मला दिसलं नाही. विचार करा, ज्या माणसाला तुम्ही मानता, ज्याच्यापर्यंत आपलं काम पोचावं म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालता, त्याला तुमचं काम आवडत नाहीये. आणि तरी पुढच्या अधिवेशनाला तुम्ही परत कागद घेऊन जाता. मी कितीतरी मुलं अशी बघितलीत की पाचवीत झकास चित्र काढायची आणि कोणीतरी एकदा नाक मुरडलं म्हणून सातवीत ब्रश खाली ठेवून मोकळी झाली. अशा मुलांसाठी वेंकय्यांच्या आयुष्यातली ही मधली वर्षं मला झेंड्याइतकीच मोलाची वाटतात.

मग १९२१ साल. मार्चअखेर बेजवाड्याला, म्हणजे आत्ताच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक होती. जालंधरचे लाला हंसराज यांनी सुचवलं होतं की झेंड्यावर चरखा पाहिजे, आणि ही कल्पना गांधीजींना एकदम पटली. त्यांनी बेजवाड्यात वेंकय्यांना गाठलं आणि सांगितलं लाल आणि हिरव्यावर चरखा असा झेंडा करून द्या. वेंकय्यांनी तीन तासात करून दिला! लोक या तीन तासांचं फार कौतुक करतात, मीही करते, पण तीन तासात ते जमलं कारण त्याच्यामागे तीस नमुने आणि कितीतरी वर्षं होती, आयत्या वेळी बोलावलेल्या कुणाला ते जमलं नसतं.

पण एवढी धावपळ करूनसुद्धा झेंडा समितीसमोर ठेवायला थोडा उशीरच झाला, बैठकीत तो दाखवताच आला नाही. गांधीजी लिहितात की उशीर झाला ते बरंच झालं, कारण नंतर शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, मग बाकीच्या धर्मांचं काय? म्हणून पांढरा पट्टा आला. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा, असा तो १९२१ चा झेंडा. म्हणजे बघा, चरखा लाला हंसराजांचा, पांढरा गांधीजींचा, आणि हे सगळं एका कापडावर बसवणारा हात वेंकय्यांचा. आपण म्हणतो एकट्याने बनवला, दुसरे म्हणतात छे वेंकय्यांचा कसला, नंतर सगळं बदललं, ही भांडणं मी फेसबुकवर वाचते आणि खरंच वाईट वाटतं. आपलं चित्र दुसऱ्याने बदललं की मोठमोठे चित्रकार रुसून बसतात. वेंकय्या आपल्या एखाद्या नमुन्यावर अडून बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती, पण ते दुसऱ्याने सांगितलेलं चिन्ह, तिसऱ्याने वाढवलेला रंग घेऊन कामाला लागले. त्यांचं श्रेय याने रत्तीभर कमी होत नाही.

आता पुण्याबद्दल, कारण पत्र पुण्याच्या पेपरला लिहितेय आणि आपल्या शहराइतकं या विषयाला जवळचं शहर क्वचितच असेल, तरी इथल्या मुलांना ते माहीत नाही. वेंकय्यांच्या आधीही लोक झेंडे करून बघत होतेच. २२ ऑगस्ट १९०७ ला मादाम कामांनी जर्मनीत स्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगासमोर भारताचा झेंडा फडकवला, तीन पट्टे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वन्दे मातरम्. तो झेंडा पुढे गुजरातचे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिक यांनी ब्रिटिशांच्या नजरा चुकवून इकडे आणला आणि तो आज आहे कुठे, तर आपल्या नारायण पेठेत, केसरीवाड्यात! गणपतीत केसरीवाड्याच्या गणपतीला लाखो लोक येतात, त्यातल्या किती जणांना माहीत असतं की आपण उभे आहोत त्या वास्तूत कामाबाईंचा झेंडा आहे? मी सातवीच्या मुलांना तिथे घेऊन गेले होते, तर एक मुलगी कितीतरी वेळ नुसती अक्षरं बघत उभी होती आणि मग म्हणाली बाई, झेंड्यावर लिहिलंय! तिला वाटायचं झेंड्यावर लिहायचं नसतंच. मग तिथेच आमची चर्चा झाली की लिहिलं तर वाचता येणाऱ्यालाच कळणार, शिवाय कापड वाऱ्यावर उलटं फिरलं की अक्षरंही उलटी, आणि लांबून तर काहीच वाचता येत नाही. वर्गात फळ्यावर तासभर सांगून जे गेलं नसतं ते त्या पोरीला एका मिनिटात कळलं.

मग १९१७ चा होमरूलचा झेंडा, अॅनी बेझंट आणि आपले टिळक यांचा. पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींसारखे मांडलेले सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि तारा, आणि वरच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. तेव्हा मागणी साम्राज्यात राहून स्वराज्याची होती म्हणून तो तिथे आला, पण लोकांच्या मनात तो झेंडा काही रुजला नाही. चित्रकलेच्या नजरेने बघितलं तरी त्यात गर्दी फार आहे, लहान मुलाला आठवणीतून काढता येणार नाही. आणि झेंडा म्हटला की हे फार मोठं. शाळेच्या भिंतीवर कोळशाने, वहीच्या मागच्या पानावर, अंगणात रांगोळीने, कोणालाही तो काढता आला पाहिजे. वेंकय्यांच्या १९२१ च्या झेंड्यात ती ताकद होती, तीन पट्टे आणि एक चरखा, बस. म्हणूनच दोन वर्षांत, १९२३ ला, त्याच झेंड्यासाठी नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला आणि देशभरातून लोक येऊन तुरुंगात गेले.

या झेंड्यासाठी आपल्या महाराष्ट्राने काय मोजलंय हेही सांगावंसं वाटतं. १९३० ला सोलापुरात लोक उठले, मार्शल लॉ लागला, आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली ती आपल्या येरवड्याच्या जेलमध्ये. १९४२ च्या ९ ऑगस्टला शिवाजीनगरच्या काँग्रेस भवनावर तिरंगा लावायला गेलेला नारायण दाभाडे गोळीला बळी पडला, कोवळा पोरगा होता. नंदुरबारचा शिरीषकुमार, शाळकरी मुलगा, त्याच वर्षी सप्टेंबरात हातात झेंडा असतानाच गोळी लागून गेला. माझ्या वर्गातली मुलं रोज काँग्रेस भवनावरून बसने येतात जातात, त्यांना नारायण दाभाडे कोण हे माहीत नसावं याचं मला शिक्षक म्हणून फार वाईट वाटतं.

१९३१ ला झेंड्याचे रंग ठरवायला काँग्रेसने सात जणांची समिती नेमली, त्यात आपल्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले काका कालेलकर होते, सेवादलाचे डॉ. हर्डीकर होते. समितीने सुचवलं अख्खा झेंडा केशरी आणि त्यावर चरखा. ते मान्य झालं नाही, आणि केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे व पांढऱ्यावर निळा चरखा असा झेंडा ठरला. तेव्हाच स्पष्ट सांगण्यात आलं की रंगांचा अर्थ आता धर्मांवरून लावायचा नाही, केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. हे वाक्य १९३१ चं आहे आणि अजूनही माझ्या वर्गात एखादा मुलगा उठून सांगतो की हा रंग यांचा आणि तो रंग त्यांचा, घरून ऐकून आलेला असतो. त्याला रागवून काय उपयोग, मी हा सगळा इतिहास सांगते.

आणि शेवटचा बदल १९४७ चा. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २२ जुलैला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला आणि चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. या चक्राच्या बाबतीत तेव्हाचे सनदी अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया तय्यबजी यांचंही नाव घेतलं जातं, तेही मुलांना सांगायला हवं. चरखा का गेला याचं एक कारण नेहरूंनी भाषणात सांगितलं ते मला चित्रकलेची शिक्षिका म्हणून फार आवडतं, की झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याला एकीकडे चाक आणि दुसरीकडे चाती, मागून बघितलं की सगळं उलटं. चक्र कुठूनही बघा तेच. गांधीजींच्या मनाला ते लागलं, साहजिक होतं, पण चरख्यातलं चाक राहिलं, असं निदान मी तरी मुलांना सांगते. त्याच वर्षी १४ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने संविधान सभेच्या सदस्य हंसा मेहतांनी सभागृहात झेंडा सुपूर्द केला.

आता वर्गात हे चक्र कसं काढतो ते थोडं सांगते, कारण वेंकय्यांची चिकाटी काय होती हे मुलांना भाषणाने कळत नाही, कंपासने कळतं. झेंडा ३ बाय २ च्या प्रमाणात, तीन पट्टे सारख्या उंचीचे. नियमात नऊ मापं ठरवून दिलीयत, त्यातलं ४५० बाय ३०० मिलिमीटरचं माप आम्ही घेतो, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर बरोबर बसतं. हे माप खरं तर व्हीव्हीआयपींच्या विमानासाठीचं आहे, हे सांगितलं की पोरं एकदम ताठ बसतात. यात प्रत्येक पट्टा १०० मिलिमीटर आणि चक्राचा व्यास ९०, म्हणजे चक्र पांढऱ्या पट्ट्यात वरखाली जेमतेम ५ मिलिमीटर सोडून बसतं. पहिल्यांदा सगळ्यांनाच ते चक्र फार मोठं वाटतं, कारण सिग्नलला विकायला असतात त्या झेंड्यांवर बऱ्याचदा इवलंसं ठिपक्यासारखं चक्र छापलेलं असतं, डोळ्याला तीच सवय लागलीय. मग वर्तुळ काढायचं, कंपासची उघडीप तशीच ठेवून वर्तुळावर खुणा करत जायचं, बरोबर सहा बसतात. त्या सहांचे मध्य काढले की बारा, बाराचे मध्य काढले की चोवीस. एकेक आरा १५ अंशावर. बाराला बऱ्याच जणांचा पेशन्स संपतो. खोडरबर घासून घासून कागद फाटायला येतो, कोणी म्हणतं बाई बाराच चालतील का, लांबून कोण मोजतंय. पण चोविसावी रेघ पहिलीला जाऊन नीट मिळाली की त्या पोराचं तोंड बघण्यासारखं असतं. मग मी सांगते की हे फक्त एक चक्र झालं, त्यांनी तीस झेंडे काढले होते, आणि ते आवडले नाहीत हे कळल्यावरही काढत राहिले.

वेंकय्यांचा शेवट मात्र मुलांना सांगताना जीव जड होतो. स्वातंत्र्यानंतर ते सोळा वर्षं जगले, ४ जुलै १९६३ ला गेले, आणि गेले ते गरिबीत. तेव्हा देशभर शाळाशाळांवर, कचेऱ्यांवर तो झेंडा फडकत होता. त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं २००९ मध्ये, मग २०२२ मध्ये परत एक. चांगलंच झालं, पण जिवंतपणी माणसाला विचारलं नाही ही गोष्ट तिकिटाने भरून निघत नाही. आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं की त्यांनी पेटंट का नाही घेतलं. पोराने निरागसपणे विचारलं होतं, आजकाल सगळं तसंच ऐकतात. मी त्याला एवढंच म्हटलं की ज्या गोष्टीवर आपलं नाव लिहायचं नाही अशीही कामं माणसं आयुष्यभर करतात.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते ती लिहिते. वेंकय्या कापसाचा माणूस, गांधीजींनी तो झेंडा खादीचाच असायला हवा असं धरलेलं, आणि पुढे कितीतरी वर्षं नियम तोच होता. कर्नाटकात बागलकोटकडे कापड विणलं जातं आणि हुबळीजवळ बेंगेरीला खादीच्या कारखान्यात बायका बसून मोजून मापून झेंडे शिवतात, शिलाईच्या टाक्यांपासून रंगाच्या छटेपर्यंत सगळं तपासून. २०२१ च्या डिसेंबरात नियम बदलला आणि पॉलिस्टरचा, मशीनवर केलेला झेंडाही चालू झाला. घरोघरी झेंडा पोचला, गरिबालाही परवडला, हे मी मान्य करते आणि मला त्याचा आनंदही आहे, २००४ पर्यंत तर सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावायचा हक्क आहे की नाही याचाच वाद सुप्रीम कोर्टात चालला होता. पण १६ ऑगस्टला पुण्यात कुठल्याही मोठ्या चौकात जा, दुभाजकाशी, गटाराच्या झाकणावर, पीएमपीच्या स्टॉपवर पडलेले झेंडे दिसतात. आमच्या शाळेतली मुलं दरवर्षी ते गोळा करतात, खराब झालेले झेंडे एकांतात, मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावेत असं ध्वजसंहितेत सांगितलंय. पण पॉलिस्टर जाळायला गेलं की वितळून काळा गोळा होतो आणि असा काही वास सुटतो की मुलं तोंड फिरवतात. खादीचा झेंडा नीट जळतो. परवडत असेल त्याने खादीचा एकच घ्यावा, नीट घडी घालून वर्षानुवर्षं वापरावा असं मला वाटतं, आमच्या घरी आम्ही तेच करतो.

तर आता विनंती. एक, पुढच्या २ ऑगस्टला चौकटीऐवजी अर्धं पान तरी द्या, त्यात वेंकय्यांसोबत लाला हंसराज येऊ देत, कामाबाई येऊ देत, नारायण दाभाडे येऊ देत. पुण्यातल्या शाळांनाही आपल्या पेपरमार्फत सांगते, ऑगस्टमध्ये मुलांना मॉलमधल्या सजावटीसमोर फोटोला उभं करण्यापेक्षा आधी परवानगी काढून एकदा केसरीवाड्यात घेऊन जा, आणि येताना काँग्रेस भवनावरून या. आणि शेवटचं, रंगीत झेंडा मात्र पानावर छापू नका, दुसऱ्या दिवशी तो रद्दीत जातो नाहीतर त्यात भेळ बांधली जाते. त्याऐवजी नुसतं चक्राचं वर्तुळ छापा, ९० मिलिमीटर व्यासाचं, मध्यबिंदू दाखवून, आणि बाजूला चोवीस भाग कसे करायचे त्याची कृती. आरे मुलं आपापल्या घरी काढतील. आकृती मी मोजून काढून द्यायला तयार आहे, पैसे नकोत, नावही छापू नका.

कळावे,
आपली,
एक चित्रकला शिक्षिका, पुणे